मोजायची राहिलेली चिंधी

इंजिन पुन्हा लागलं, खोकलं आणि मेलं.

मेहुण्याने स्टेअरिंगवर मूठ आपटली. "दाजी, बस झालं आता. ताईला गाडी मी दिली होती. आज नाही टिकली तर मीच भंगारात घालतो."

मिस्त्रीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायको गेल्यावर त्याने तिच्या गाडीचं इंजिन पार खोलून, घासूनपुसून पुन्हा बांधलं होतं. प्लग नवे, पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय. तरी दम धरत नव्हतं. तिची म्हणून एवढी एक वस्तू चालती राहावी, बाकी त्याला काही नको होतं.

"तुम्हाला रोग सापडायचाच नाही," मेहुणा खाली उतरत म्हणाला. "ताई महिनाभर खोकत होती. ते तरी कुठे ऐकू आलं तुम्हाला."

मिस्त्रीने हातातला पाना त्याच्या तोंडावर घातला. ओठ फाटला, एक दात फरशीवर पडला. मग मेहुण्यानेही काही बाकी ठेवलं नाही. डोकं खाली घालून तो पोटात घुसला. दोघं गाडीवर आदळले. त्याने मिस्त्रीचा डावा अंगठा धरून पिरगळला, हाड मोडल्याचा आवाज झाला. मिस्त्रीने डाव्या कोपराने त्याची मान उघड्या इंजिनावर दाबली आणि पाना उगारला. आता नेम टाळूवर होता.

मेहुण्याने कशीबशी मान काढली. पाना इंजिनाला हवा नेणाऱ्या नळीवर बसला, नळी फुटली.

आत फुलाफुलांचं कापड होतं.

दोघंही थांबले. इंजिन उघडं असताना नटबोल्ट आत पडू नयेत म्हणून मिस्त्री नळ्यांच्या तोंडांत चिंध्या कोंबायचा. बायको जुने कपडे फाडून त्या करून द्यायची आणि काम संपलं की मोजून परत घ्यायची. एक कमी भरली तरी किल्लीला हात लावू द्यायची नाही. या वेळी कोणी मोजल्या नव्हत्या.

त्याने चिंधी ओढून काढली.

"ताईचा गाउन," मेहुणा रक्त थुंकत म्हणाला.

मिस्त्रीने किल्ली फिरवली. फुटक्या नळीतून फुरफुरत इंजिन लागलं आणि चालूच राहिलं.

"गाडीत बस. टाके घालावे लागतील."

"त्या अंगठ्याने चालवणार?"

"बस म्हणतो ना."

"आणि भंगाराचं?"

"आधी दात उचल तुझा."

मेहुण्याने ओठावर दाबायला चिंधी मागितली. मिस्त्रीने ती खिशात घातली आणि अंगातला शर्ट काढून त्याला दिला. मेहुणा ताई बसायची त्या बाजूच्या पुढच्या दारापाशी घुटमळला, मग मागच्या सीटवर जाऊन बसला.