रिकाम्या झोळीचा अर्धा किलो

मित्रांनो, मी अंगणवाडीतला एक जुना, टांगायचा वजनकाटा आहे. गोल तोंड, त्यावर आकडे, मधोमध लाल काटा आणि खाली एक आकडी. त्या आकडीला झोळी अडकवायची, झोळीत बाळ बसवायचं, की मी बाळाचं वजन सांगतो. इतकंच माझं काम. पण हे इतकंसं कामही मला सात वर्षं धड करू दिलं गेलं नाही, म्हणून मी चिडलेलो आहे.

माझं गाव तिरोडा तालुक्यातलं, चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं. मी इथे नवाकोरा आलो, तेव्हा माझ्यासोबत पातळ कापडाची झोळी होती. अंगणवाडीच्या अल्काबाई तेव्हा नियमाने वागत. आधी रिकामी झोळी लावायची, माझ्या डोक्यावरचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा आणि मगच बाळ आत ठेवायचं. मीही छाती फुगवून खरा आकडा सांगायचो.

मग ती झोळी फाटली. नवी मागवली, ती आलीच नाही. अल्काबाई मायाळू. लेकरांना टोचू नये म्हणून त्यांनी जुन्या लुगड्याच्या चार घड्या घालून, आत गोधडीचा तुकडा भरून मऊ झोळी शिवली. बाळं त्यात रडेनाशी झाली. पण त्या झोळीचंच वजन अर्धा किलो होतं, आणि स्क्रू फिरवायचं त्या दिवशी गर्दीत राहून गेलं. पुढे ते राहूनच गेलं.

तेव्हापासून गावातलं प्रत्येक बाळ कागदावर अर्धा किलो जड झालं. तपासणीला आलेल्या मॅडम खूश झाल्या. "तुमच्या गावात एकही लेकरू पिवळ्या रंगात नाही," म्हणाल्या. तक्त्यावर हिरवा रंग म्हणजे वजन ठीक, पिवळा म्हणजे कमी. अल्काबाईंना प्रशस्तिपत्र मिळालं आणि ते माझ्याच शेजारच्या खिळ्यावर टांगलं गेलं. मी रोज त्याच्याकडे बघून जळायचो. मला ओरडायचं होतं. पण काट्याला तोंड असतं, आवाज नसतो.

यंदा रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत भागीरथाबाई आपली नात मैत्री हिला घेऊन आली. दहा महिन्यांची पोर. तिची आई रश्मी उजाडताच चिखलात उतरायची आणि दिवेलागणीला परतायची. दिवसभर मैत्रीला अंगावरचं दूध नाही आणि आईचा आवाजही नाही.

"अल्का, हे पोरगी हासत काऊन नाही वं?" भागीरथाबाईने विचारलं. "चमचा वाजवला त पाहतही नाही."

अल्काबाईंनी तिला झोळीत ठेवलं. "सहा किलो आठशे. हिरव्यात हाये, मावशी. कायले जीव जाळून राहिली?"

"तुह्या कागदावर हिरवी असन. माह्या मांडीवर हलकी लागून राहिली."

"मांडीवर आकडे असतात का, मावशी?"

बाया हसल्या. भागीरथाबाई हसली नाही. तिने मैत्रीला झोळीतून उचलून खांद्यावर घेतलं, वळली आणि जाता जाता तिची नजर माझ्याकडे गेली. ती थांबली.

"अल्का, पोरगी त माह्या खांद्यावर हाये. मंग हा काटा कोनाले मोजून राहिला?"

रिकामी झोळी लोंबत होती आणि माझा काटा अर्ध्या किलोवर उभा होता. सात वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला नीट पाहिलं होतं.

अल्काबाईंनी हाताने झोळी स्थिर केली, तरी काटा तिथेच राहिला. मग त्यांनी स्क्रू फिरवला आणि मैत्रीला पुन्हा झोळीत ठेवलं. सहा किलो तीनशे. पिवळा रंग. त्याच दुपारी त्या स्वतः तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. आता भागीरथाबाई दिवसातून दोनदा नातीला बांधावर नेते. रश्मी हात धुऊन तिला पाजते, आणि आजी वाटभर तिच्याशी बगळ्यांच्या गोष्टी बोलते. वरणभात, अंडंही सुरू झालंय. मागच्या महिन्यात मैत्री झोळीत बसून हसली.

पण माझा राग गेला नाही. आमच्याच गावातली रविता आता तिसरीत आहे. ती याच जाड झोळीत मोठी झाली. खेळताना ती लवकर दमते, सारखी आजारी पडते, शाळेत मागे राहते. सगळं माझ्यामुळेच झालं असं कोणी म्हणणार नाही. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू आणि शरीर यांचा पाया भरला जातो. तेव्हा तिला काय कमी पडतंय, हे कळायला हवं होतं. आता मी स्क्रू कितीही फिरवून घेतला, तरी तिचे ते दिवस परत येत नाहीत.

म्हणून मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडाला वजनाला नेतील, तेव्हा तुम्हीही सोबत जा. त्याला खायला मिळतं का, त्याच्याशी कोणी बोलतं का, हे घरी बघाच. पण तिथे, बाळ झोळीत ठेवण्याआधी, आधी रिकामी झोळी टांगायला सांगा. मोठी माणसं हसली तरी हटू नका. माझा काटा शून्यावर दिसेपर्यंत बाळाला कडेवरच धरून ठेवा.