कडूबाईच्या माळावरची माळढोक

सूर्यभान मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. माणूस मोठा गोड. इतका गोड, की कडूबाईने सासूनंतर कुणालाच न दाखवलेली जागा त्यांना दाखवली. नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या तिच्या माळावर दर पावसाळ्यात एक माळढोक यायची आणि हिवराच्या झाडाजवळ उघड्या जमिनीवर अंडं घालायची. एकच! ते गेलं की वर्ष वाया. म्हणून पिल्लू चालायला लागेपर्यंत कडूबाई त्या अंगाला शेरडंसुद्धा फिरकू द्यायची नाही. शेजारीपाजारी हसायचे. हसेनात का मेले!

"पर आधी भंडारा उचला, मास्तर," ती म्हणाली होती. "तोंडातून जागेचं नाव काढनार न्हाई म्हना."

मास्तरांनी भंडारा कपाळी लावून शपथ घेतली. मग दहा-बारा दिवस लांब बांधाआड बसून तैलरंगांत चित्र काढलं. आणि काय चित्र होतं हो! कुसळी गवत, खाली उतरलेलं आभाळ आणि मधोमध मान जराशी उंचावून निवांत बसलेली माळढोक. सत्तर सालच्या दिवाळीत नगरच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मास्तर कडूबाईला एसटीने तिथं घेऊन गेले. चित्राखालच्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "हे तुमचं नाव, कडूबाई." बाई लाजून चूर झाली. त्याखाली आणखी एक ओळ होती. ती कसली, हे तिने विचारलं नाही.

पुढच्या श्रावणात गावात जीप आली. आत तिघे, मांडीवर बंदुका.

"कडूबाईचा माळ कुठला हो?"

"मीच कडूबाई. का?"

"नगरला चित्र पाहिलं. खाली तुमचं नाव, गाव, सगळं लिहिलंय की!"

चित्राखालची ती दुसरी ओळ कसली होती, ते कडूबाईला आत्ता कळलं. तिने माळाचा रस्ता सांगितला नाही, पण चावडीपुढच्या रिकामटेकड्यांनी तत्परतेने हात केले. ती धावत सुटली. निम्म्या वाटेवर दोन बार ऐकू आले. ती पोचली तेव्हा जीप निघून गेली होती. अंडं तेवढं मागे राहिलं होतं. ते पदरात धरून ती दिवस कलेपर्यंत बसली, पण गार पडलेलं अंडं माणसाच्या उबेने थोडंच जगतं?

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना भर वर्गात गाठलं.

"शपथ मोडली तुमी!"

"नाही हो! तोंडातून एक अक्षर काढलं नाही मी. चिठ्ठीवर लिहिलं फक्त. तुमचं नाव व्हावं म्हणून..."

"मला वाचता येत न्हाई, मास्तर. म्हनून मी तोंडाचीच शपथ घातली. तुमाला तर येत हुतं!"

मास्तरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"आन् नाव झालं की माजं," कडूबाई म्हणाली. "लई झालं. तिला मारायला आलेली मानसं माजंच नाव इचारत आली."