डावीकडे ओढणारी जॉयस्टिक

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक आहे. माझ्या मालकांनी ज्या पत्राला उत्तर दिले नव्हते, त्या पत्रावर मी तीन वर्षे उभी होते. माझा एक रबरी पाय निखळला होता. मी डुगडुगू नये म्हणून त्यांनी ते पत्र घडी करून माझ्याखाली सरकवले. तेवढेच ते डोळ्यांआड झाले.

मालक चष्मे बनवतात. तरुणपणी त्यांनी मला अंतराळयुद्धाच्या एका खेळासाठी आणले. तेव्हा माझी मूठ काळीभोर होती. मित्र मला हातात घ्यायला भांडत. पुढे खेळ काढणारी कंपनी बंद पडली, मित्र संसाराला लागले. पण ठिकठिकाणच्या काही वेड्यांनी तो खेळ मरू दिला नाही. नव्या संगणकांवर चालावा म्हणून त्यांनी तो पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आणि दर रविवारी दुपारी ते एकत्र उडू लागले. मालक नुसते पाहत. खेळत ते एकटेच. एकदाच धीर करून त्यांनी ‘चष्मेवाला’ या नावाने आपल्या खेळाचे चित्रण त्या मंडळींना पाठवले.

माझी स्प्रिंग एव्हाना गंजली होती. मी सतत डावीकडे ओढत असे. मालकांना त्याची फार लाज वाटे.

चित्रण पाहून पत्र आले ते एका परिचारिकेचे. सारे त्यांना कप्तान म्हणत. मालकांनी ते ताईंना, म्हणजे थोरल्या बहिणीला, वाचून दाखवले. "शेवटच्या मोहिमेत रुग्णनौका आमच्या हातून कधीच वाचत नाही. तुम्ही डावीकडून उडाल का?"

"कीव आली असेल त्यांना," मालक म्हणाले.

"कीव करायला टपालखर्च कोण करतं?" ताई म्हणाल्या.

मालकांनी उत्तर लिहिले नाही. माझ्यावर धूळ साचत गेली.

मग एका शनिवारी कप्तानांनी सगळ्यांना कळवले की आपले हात आता थरथरतात, उद्याचे उड्डाण शेवटचे. रविवारी ताई भंगाराची पिशवी घेऊन आल्या.

"हिला देऊन टाकू का? उगाच जागा अडवते."

मालकांनी माझी मूठ घट्ट धरली. "आज नको."

त्यांनी मला संगणकाला जोडून हेडफोन चढवला, तेव्हा मोहीम सुरू झाली होती. मालकांचे यान मागून जाऊन रुग्णनौकेच्या डावीकडे लागले.

"डावीकडे कोण आलंय?" हेडफोनमधून आवाज आला.

"चष्मेवाला," मालक म्हणाले.

"उशीर केलात," कप्तान म्हणाल्या. "आता जागा सोडू नका. शत्रू दिसला की आम्ही सगळे त्याच्यामागे धावतो आणि ही बाजू उघडी पडते. तुमचं यान मात्र फिरून डावीकडेच येतं. म्हणून तर बोलावलं होतं."

मालकांचा हात माझ्यावर थांबला. तेवढ्यात शत्रूची याने अंगावर आली. एक सरळ निसटून गेले. त्याच्यामागे जाण्यासाठी मालकांनी मला उजवीकडे दाबले, मग सैल सोडले. मी डावीकडे वळले. समोर दुसरे यान नौकेवर नेम धरून होते. चाप दाबला गेला, ते फुटले. पुन्हा एक आले, पुन्हा चाप. माझी स्प्रिंग कुरकुरली. आता तुटते की मग, असे मला झाले. मालकांनी दुसऱ्या हाताने माझी बैठक दाबून धरली. कप्तानांचे यान डगमगत पुढे होते. जळती रुग्णनौका हळूहळू सरकत सुटकेच्या दारापाशी आली, आणि पार झाली.

हेडफोनमध्ये कुणीतरी रडत होते. खोलीत ताई म्हणाल्या, "जग वाचवून झालं असेल तर जेवायला चल."

दुसऱ्या दिवशी मालकांनी पत्ता पाहण्यासाठी माझ्याखालचे पत्र काढले.

"कालच भेट झाली ना? आता कशाला पत्र?" ताईंनी विचारले.

"त्यांनी लिहून विचारलं होतं, ताई."

मी डुगडुगू लागले, तेव्हा त्यांनी चष्म्याची नाकावर टेकणारी रबरी गादी मला पाय म्हणून चिकटवली. स्प्रिंगला तेल दिले, पण ती बदलली नाही.

मित्रांनो, तुमच्याकडची एखादी जुनी वस्तू एकीकडे ओढत असेल, तर तिला पिशवीत टाकण्याआधी जरा थांबा. कोणाला तरी तीच बाजू सांभाळणारे कुणी हवे असेल.

मालकांनी एकच ओळ लिहिली, "हो, डावीकडून उडेन," पाकीट चिकटवले आणि ते बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांचे हात रिकामे होते.