आरूसची घंटा

मेइतामेईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि त्यातली अर्धी स्वतःवरच होती. पर्यटकांच्या गाडीत वाटाड्या म्हणून बसतो, म्हणून काय सगळंच दाखवायचं?

काल सकाळी दोन सिंहिणी रानरेड्यांच्या कळपामागे खुशाल उघड्यावरून चालल्या होत्या. रेड्यांचं लक्ष त्यांच्यावरच. तिसरी, फाटक्या कानाची, पुढच्या गवतात पोट टेकून पडलेली. मागच्या दोघी हाकणार, ही झेपावून रेड्याचं तोंड दाबून धरणार. एवढ्या धुडाला एकटीदुकटी भिडली तर शिंगावरच जायची. तीन दिवसांच्या उपाशी होत्या तिघी, आणि ओढ्याकाठच्या झुडपात पिल्लं.

आणि मेइतामेईने तिच्याकडे बोट केलं! दबा धरलेली सिंहीण कुणाला दाखवायची नाही, हे गुरं राखताना बापाने शिकवलं होतं. गाडीतल्या कौतुकाने चेकाळला, दुसरं काय!

ड्रायव्हर मुतुरीने लगेच वायरलेसवर बोंब ठोकली. बघता बघता पर्यटकांच्या चौदा गाड्या धावल्या. एक तर थेट फाटक्या कानाच्या नाकासमोर उभी राहिली. रेडे उधळले.

"हुकलं थोडक्यात," म्हणत मुतुरी हसला होता.

संध्याकाळी फाटक्या कानाने मेइतामेईचा ठिपक्याठिपक्यांचा बैल धरला, वस्तीच्या कुंपणालगत. आरूस. वासरू असल्यापासून हाताने वाढवलेला. आज वस्तीतली तरणी पोरं तिला मारायला भाले घेऊन निघाली होती.

"थांबा जरा," मेइतामेई ओरडला. "आधी खऱ्या चोराला आणतो."

तो गाडीत बसताच मुतुरीने विचारलं, "काका, आज मोठी शिकार दिसेल ना? पाहुणे हट्टाला पेटलेत."

"दिसेल की. डावीकडे घे."

काटेरी कुंपणापाशी गाडी थांबली. समोर फाडलेला बैल, त्यावर माशा.

"काका, हा तर तुमचा..."

"काढायला सांग त्यांना फोटो! कालची शिकार तू हुकवलीस. तिने पोट कशावर भरायचं, तुझ्या वायरलेसवर?"

मेइतामेईने आरूसच्या गळ्यातली घंटा सोडली आणि गाडीच्या पुढच्या दांड्याला बांधली.

"आता घूस गवतात. अख्ख्या माळाला कळू दे कोण आलंय ते."

"मालक कामावरून काढेल तुम्हाला."

"काढू दे! बोट मीच दाखवलं होतं."

भालेवाली पोरं कुंपणापाशी जमली होती. त्यांच्यातून मेइतामेईचा मुलगा पुढे आला. त्याने भाला जमिनीत रोवला, वाकला आणि घंटेला दुसरी गाठ मारली.