घोड्याचा खुराक

सत्यवतीबाईंची साखर काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी बजावलं, "तीन महिने वाट बघू, नाहीतर इन्सुलिन." सुईला बाई भीत नव्हत्या. पण याच दुखण्यात थोरल्या बहिणीचा पाय कापावा लागला होता, आणि ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

विद्यानगरला राहून सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी नात शिल्पा म्हणाली, "आजी, भात कमी कर, कडधान्यं खा. त्यातलं जे आपल्याला पचत नाही, ते आतड्यातले जिवाणू खातात. त्यानं साखरेला आवर बसत असावा, असं म्हणतात. अजून शोध चाललाय. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत हं!"

बाईंनी बेगम बाजारातून दहा किलो हुलगे आणले. रोज उसळ, नाहीतर पिठाचं पातळ माडगं. पहिला आठवडा पोटात नुसता गुडगुडाट. "जिवाणूंची पंगत बसलीय," म्हणत त्या खुशाल खात राहिल्या.

बाईंच्या नवऱ्याला, केशवरावांना, मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. बीदरकडचं शेत सोडून शहरात, बरकतपुऱ्यात बंगला बांधलेला माणूस! गेल्या पंधरा वर्षांत दारात परदेशी गाडी आली, कोपऱ्यावर मॉल आला, आणि स्वयंपाकघरात शिजतंय काय, तर घोड्याचा खुराक! आपले जुने साहेब प्रतापराव जेवायला येणार म्हणताच त्यांनी पोतंच उचलून वरातीचे घोडे पाळणाऱ्या यूसुफला देऊन टाकलं.

कळताच बाई तडक त्याच्या तबेल्यात गेल्या.

"अम्मा, साब घोडे को देको गये," यूसुफ म्हणाला.

"घोडे को शक्कर की बीमारी है क्या? मेरे को है. लाव इधर!"

उरलेलं पोतं त्यांनी रिक्षात घालून घरी आणलं आणि रात्रीच हुलगे भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी बासमतीच्या आधी प्रतापरावांच्या ताटात उसळ पडली. केशवरावांचा चेहरा खर्रकन उतरला.

"ते... हिच्या औषधाचं आहे, साहेब," ते पुटपुटले.

"औषध कसलं?" बाई कडाडल्या. "दुष्काळात यांच्या आईनं हुलगे भरडून यांना जगवलं. आता यांना त्याची लाज वाटते. वाटू दे. पण लाज यांची आणि पाय माझा जायचा, हे मला चालायचं नाही!"

प्रतापराव उसळ खाऊ लागले. बाईंनी केशवरावांच्याही ताटात पळीभर उसळ वाढली आणि शेवटचा दाणा पोटात जाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत.