टोपीतला एकच कागद

आमच्या राज्यात न्यायाधीश दर ऑक्टोबरात नव्याने निवडतात. कायदे करणाऱ्या सभेचे सदस्य कागदावर नाव लिहून टोपीत टाकतात, की झालं. माझे यजमान असाहेल थॉर्न असे बारा वर्षं निवडून आले. कायदा त्यांनी नांगर धरता धरता शिकला. घोड्यावरून चिखल तुडवत गावोगावी कोर्ट भरवायचं आणि वाटेतल्या मुक्कामाच्या सराईत एकाच बिछान्यावर दोन वकिलांच्या मधे झोपायचं, हा त्यांचा थाट!

यंदा माशी शिंकली. ज्यूरीने विधवा डॉर्कसला दिलेली पाणचक्की सभेने खास कायदा करून सभेतल्याच कर्नल पीबडीच्या घशात घातली. यजमान भर कोर्टात म्हणाले, "ज्यूरीचा निवाडा सभेला पुसता येत नाही." सभा चवताळली.

रूबेन हॅस्केल आमच्या गावचा सदस्य. इंग्रजांशी लढाई झाली तेव्हा यजमानांनी जखमी झालेल्या त्याला पाठीवर घालून आणलेलं. माझ्या हातचा घेवडा तिसऱ्यांदा वाढून घेत तो म्हणाला, "वहिनी, निर्धास्त राहा. मी आणि खोऱ्यातले आठजण, नऊ मतं कुठं जात नाहीत."

मतदानाच्या दिवशी मी सभागृहाच्या दारात उभी होते. खुद्द पीबडीने मला आपला कागद दाखवला. त्यावर यजमानांचं नाव!

"बाई, तुमच्या नवऱ्यानं माझं नाक कापलं," तो म्हणाला, "पण कायद्यानं कापलं." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने तो टोपीत टाकला.

मोजणीत आमच्या नावाचा कागद निघाला एकच.

संध्याकाळपर्यंत खोऱ्यातले आठही जण एकेक करून कानात सांगून गेले, "ते मत माझं." मला एकेकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती. पीबडीचं सगळं मी यजमानांना सांगितलं.  ते एवढंच म्हणाले, "रूबेन नाही येणार असं सांगायला. तो तसा नाही."

सकाळी रूबेन आला. "सगळे फितूर झाले, वहिनी. एकटा मीच काय तो तुमचा."

"ठेवा बायबलवर हात!" मी पुस्तक त्याच्यापुढे आदळलं.

त्याने लगेच हात पुढे केला. यजमानांनी झटकन बायबल ओढून छातीशी धरलं.

"नको रूबेन," ते म्हणाले.  "शपथ घेऊ नकोस. तुला आणखी किती वेळा वाचवू मी?"