सोड्याच्या ट्रकचा पोचा

आमच्या थोरल्याचा धंदा सांगितला की लोक आधी हसतात. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या बंद कारखान्यात, कुणाच्या चिंचेखाली वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाड्या तो हुडकून काढतो आणि शौकीन लोकांना विकतो. तेही दुरुस्त न करता. धूळसुद्धा पुसायची नाही. जशी सापडली तशीच पाहिजे म्हणतात, रंग लावला की गाडी वाया गेली. सून म्हणते, "तुमच्या मुलाला घरात कपाट पुसायला सांगितलं तरी तो म्हणतो किंमत पडेल."

मी त्याच्याबरोबर हिंडते, कारण त्याला एकट्याला बघून लोक शेडचं कुलूप उघडत नाहीत. म्हातारी बाई बरोबर असली की पाणी विचारतात, मग बसा म्हणतात, मग कुलूप उघडतं. शिवाय माझं एक काम असतं. पोचे वाचायचं. अशा गाडीला प्रत्येक पोच्याची, प्रत्येक ओरखड्याची गोष्ट लागते. गोष्ट मिळाली तर मिळाली, नाही मिळाली तर मी आहेच. एका मोटारीत मधमाश्यांनी असं घर केलं होतं की गाडी चालू केल्यावर मागच्या नळीतून मध आला, आम्ही बरणी लावली. एका ट्रकचा दरवाजा इतका गंजला होता की मी शिंकले आणि त्याचे दोन झाले. खरं की खोटं विचारू नका. घेणाऱ्यांनी कधी विचारलं नाही.

सोड्याच्या बाटल्या वाहणारा ट्रक आम्हाला एका पोस्टमननं सांगितला. लांब नाकाचा, मागं लाकडी खण असलेला, एका खणात अजून दोन बाटल्या. असा ट्रक मुलानं फक्त चित्रात पाहिला होता. तो खाली वाकून तिथंच राहिला. मालकीण साठीची असेल, एकटी. घराचं छत एका बाजूनं वाकलेलं. लेक तिला आपल्याकडे न्यायला आली होती, सामान अर्धं बांधून झालं होतं. म्हणून ट्रक काढायचा होता.

"नवरा चालवायचा," एवढंच ती म्हणाली. मी समजले, वारला.

मग ती आणि मी शेडच्या दाराशी खुर्च्या टाकून बसलो. तिनं चहा दिला. माझी जीभ सैल झाली. उजव्या मडगार्डवर मोठा पोचा होता, त्यात हिरव्या रंगाची रेघ. मी म्हटलं, "ताई, हा पोचा मी ओळखते. हा आमच्या फाटकाचा. हाच ट्रक मागं घेताना आमच्या फाटकावर आला. ड्रायव्हर खाली उतरला, डाव्या पायानं जरा लंगडत होता. इतका ओशाळला, इतका ओशाळला, की अजून दरवर्षी येतो, बिजागरीला तेल घालतो आणि जातो. मागच्या वर्षीही आला होता. केस पिकले, पण तेलाची बुधली तीच."

ती हसली नाही. मला वाटलं, रंगली गोष्ट. आतून मुलगा हाक मारत होता, मी उठले. दोन दिवसांनी ट्रक न्यायला येतो असं ठरवून आम्ही निघालो.

दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन आला, आई ट्रक विकत नाही म्हणते. मुलगा हिरमुसला, पण अशा धंद्यात लोक फिरतात. महिन्याभरानं परत फोन. या वेळी लेकीचा आवाज बसला होता.

"आजी, तुम्ही आईला काय सांगितलंत? ती घर सोडायला तयार नाही. छताचा कोपरा खाली आला, स्वयंपाकघरात आला. तरी म्हणते, तो जिवंत आहे, मी इथंच थांबणार."

"कोण जिवंत आहे?"

"माझे बाबा. तीस वर्षांपूर्वी हा ट्रक पुलाजवळ सापडला. किल्ली आत, दारं लावलेली. बाबा सापडले नाहीत. ते डाव्या पायानं लंगडायचे."

माझ्या हातातून फोन पडला असं मी एरवी सांगितलं असतं. पडला नाही. मी तो घट्ट धरून बसले होते.

मुलगा गाडी चालवताना एकदाच बोलला. "आई, खरं सांगायचं. सगळं."

ती शेडच्या दारातच बसली होती. मी खुर्चीची वाट न बघता तिच्यासमोर खालीच बसले आणि सांगून टाकलं. फाटक नाही, तेल नाही, बुधली नाही. आमच्या घराला फाटकच नाही, फ्लॅट आहे, तिसरा मजला.

ती शांतपणे म्हणाली, "मावशी, ट्रक पाहिजे म्हणून आता असं बोलता. मुलानं शिकवून आणलं."

"ट्रक नको मला," मुलगा म्हणाला.

"मग पाय? पायाचं कसं कळलं तुम्हाला? पोस्टमनला माहीत नाही, तो नवीन आहे."

मी उठले, तिचा हात धरून तिला ट्रकच्या दाराशी नेलं. क्लचच्या पेडलवर एक लाकडी ठोकळा ठोकलेला होता, बोटभर जाड, झिजून मधे खोलगट झालेला. "चालवणाऱ्याचा डावा पाय आखूड असल्याशिवाय असा ठोकळा कुणी लावत नाही. मी तो आल्या आल्या बघितला आणि गोष्टीत घातला. एवढंच. मी त्यांना कधी पाहिलं नाही."

तिनं ठोकळ्यावर हात ठेवला. "मीच तासला होता," ती म्हणाली. "जळणातला."

लेक घरातून येऊन मागं उभी राहिली होती. मला वाटलं, ती बाई रडेल, आणि मी तिला जवळ घेईन. तिनं माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही.

"तीस वर्षं मला ठाऊक होतं की तो मेला," ती म्हणाली. "रडून झालं होतं माझं. तुम्ही आलात आणि तो जिवंत झाला. जिवंत आहे, दुसऱ्यांच्या फाटकांना तेल घालत हिंडतो, आणि घरी येत नाही. तुम्हाला काय वाटलं, मी त्याची वाट बघत होते? मी त्याला जाब विचारायला थांबले होते. महिनाभर शिव्या दिल्या मी त्याला. सकाळ-संध्याकाळ. त्याचा फोटो उलटा केला. मेलेल्या माणसाला शिव्या दिल्या मी, मावशी."



ती ट्रकमध्ये चढली, नवऱ्याच्या नव्हे, शेजारच्या सीटवर बसली आणि दार लावून घेतलं. काच धुळीनं भरलेली. तिचे ओठ हलत होते एवढं दिसत होतं. लेक काचेपर्यंत गेली आणि परत आली. मुलगा बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. मी तिथंच.

उतरली तेव्हा तिचं तोंड पुसलेलं होतं. मुलाला म्हणाली, "न्या आता. पण ठोकळा काढून द्या." त्यानं खिळे न वाकवता तो काढला, पुसायला गेला, मग आठवून तसाच तिच्या हातात दिला.

ट्रक ओढून गाडीवर चढवायला दुपार गेली. टायर मातीला चिकटले होते. शेड रिकामी झाली तेव्हा जमिनीवर चाकांच्या जागी चार वेगळ्या रंगाचे चौकोन राहिले. ती झाडू घेऊन आली आणि ते झाडायला लागली. कमरेतून वाकत होती, दर दोन हातांनी थांबत होती. मी म्हटलं, द्या इकडे, मी झाडते.

तिनं झाडू दिला नाही.